दुर्बळ आंतरक्रियांवर उभी असलेली रचना १५० अंशांच्या पाण्यात कशी टिकते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हॅन डर वाल्स (जवळच्या अणूंमधली ओढ) आणि हायड्रोफोबिक (तेलकट भागांची पाण्यात एकत्र येण्याची ओढ) आंतरक्रिया ‘दुर्बळ’ असतात असे आपण पुस्तकात शिकतो, मग मुख्यतः त्यांच्या बळावर पाण्यात जुळलेली रेणूंची रचना १५० अंश सेल्सियसपर्यंत टिकते हे कसे? आणि त्याला जोडून दुसरा: तुम्ही स्वतः बनवलेला रेणू पाण्यात छान जुळतो, पण ६० अंशांच्या पुढे एनएमआरमधल्या (रेणूची स्थिती दाखवणाऱ्या चुंबकीय वर्णपटातल्या) रेषा बदलू लागतात, तर रेणूत काय बदलावे?

पहिला प्रश्न नीट सुटला की दुसऱ्याचे निम्मे काम होते. या विषयात बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे बनले आहे की उष्णतेपुढे टिकणे हे एकेका आंतरक्रियेच्या बळापेक्षा दोन पृष्ठभाग एकमेकांत किती घट्ट बसतात यावर ठरते. बाकी सगळे त्याच्या आगेमागे येते.

तुम्ही ज्या रचनेबद्दल वाचले ती बहुधा टोकियो विद्यापीठातील शुइची हिराओका यांच्या गटाची. त्यांचा रेणू दातेरी चक्राच्या आकाराचा आहे. मधे बेंझिनचे एक वलय आणि त्याच्या सहाही कार्बनांवर एकेक अॅरोमॅटिक वलय. ही सहा वलये इतकी दाटीने असतात की मधल्या वलयाच्या प्रतलात मावत नाहीत, म्हणून ती वळून जवळपास उभी राहतात. काहींवर मिथाइल-पिरिडिनियमचा धनभार आहे, त्यामुळे रेणू पाण्यात विरघळतो. बाकीचा सगळा पृष्ठभाग तेलकट, खाचाखोचांचा आणि त्यावर जागोजागी मिथाइल गट. असे सहा रेणू पाण्यात आपोआप एकत्र येतात आणि सुमारे दोन नॅनोमीटरचा पोकळ घन तयार होतो, प्रत्येक बाजूला एक रेणू. २००८ मध्ये हिराओका आणि सहकाऱ्यांनी मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात असा घन दाखवला होता. पुढे निव्वळ पाण्यात जुळणारे रेणू आले आणि २०१८ मध्ये १५० अंशांच्या आसपासपर्यंत टिकणारा घन प्रसिद्ध झाला. त्यात ना धातूचा आयन, ना रेणूंना एकत्र बांधणारे हायड्रोजन बंध, ना सहसंयुज बंध.

आता आकडेमोड करू, कारण तिथेच अर्धे आश्चर्य विरते. सहा सुट्या रेणूंचा एक घन होतो असे धरा. द्रावणात एकूण रेणू १ मिलिमोलर आहेत आणि एखाद्या तापमानाला त्यातले निम्मे सुटे, निम्मे घनात आहेत. समतोल स्थिरांकाचे (जुळलेले आणि सुटे रेणू यांचे प्रमाण सांगणाऱ्या आकड्याचे) सूत्र लिहून किमती घाला. उत्तर येते सुमारे ५.३ गुणिले १० चा १५ वा घात, एकक मोलरचा उणे पाचवा घात. आकडा डोळे फिरवणारा आहे. पण १५० अंशांना त्यावरून मुक्त ऊर्जा (जुळण्यातला निव्वळ ऊर्जेचा फायदा) काढली तर पूर्ण घनाला साधारण १२७ किलोज्यूल प्रति मोल येतात, म्हणजे दर रेणूमागे जेमतेम २१. कार्बन-कार्बन एकेरी बंध ३५० च्या आसपास असतो हे लक्षात घ्या. याच अटीवर २५ अंशांना निम्मे विघटन व्हायचे असेल तर दर रेणूमागे १५ किलोज्यूल लागतात. म्हणजे खोलीच्या तापमानाला जेमतेम टिकणारी रचना आणि १५० अंशांना जेमतेम टिकणारी रचना यांच्यात दर रेणूमागे सहा किलोज्यूलचेच अंतर आहे. इतकी ऊर्जा दोनतीन मिथाइल गटांच्या नीट बसण्यातून मिळू शकते. पृष्ठभागाच्या भाषेत सांगायचे तर पाण्यापासून झाकला जाणारा प्रत्येक चौरस अँगस्ट्रॉम सुमारे २५ कॅलरी प्रति मोल देतो हा प्रथिनांच्या अभ्यासातला जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने २१ किलोज्यूलसाठी दर रेणूमागे दोन चौरस नॅनोमीटर झाकले जावे लागतात. सहा रेणूंना एका जागी अडकवण्याची एन्ट्रॉपीतली (रेणूंच्या मोकळेपणातली) किंमत यात वेगळी धरलेली नाही, तेव्हा प्रत्यक्षात गरज थोडी जास्त. तरी अशक्य काहीच नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. संहती न सांगता दिलेल्या विघटन-तापमानाला अर्थ नसतो. वरचाच घन १ मिलिमोलरऐवजी १० मायक्रोमोलरला निम्मा टिकवायचा असेल तर १५० अंशांना दर रेणूमागे २१ ऐवजी जवळपास ३५ किलोज्यूल लागतील. शंभरपट पातळ केल्याने एवढा फरक पडतो, कारण समीकरणात सुट्या रेणूची संहती सहाव्या घाताने येते. दोन शोधनिबंधांतली तापमाने शेजारी ठेवून तुलना करताना लोक हे सर्रास विसरतात.

आता पाण्याकडे वळू. बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात असे चित्र असते की तापवल्याने सगळ्याच ओढी सैल होतात. हायड्रोजन बंधांबद्दल ते बऱ्याच अंशी खरे आहे. हायड्रोफोबिक परिणामाचे वागणे वेगळे. तेलकट पृष्ठभागाभोवती पाण्याचे रेणू विशिष्ट रीतीने मांडले जातात. फ्रँक आणि इव्हान्स यांनी १९४५ मध्ये हे मांडले आणि कौझमन यांनी १९५९ मध्ये प्रथिनांच्या घडीशी त्याची सांगड घातली. खोलीच्या तापमानाला दोन तेलकट पृष्ठभाग एकत्र आले की ते पाणी मोकळे होते, एन्ट्रॉपी वाढते आणि ओढ निर्माण होते. त्या तापमानाला एन्थाल्पीचा, म्हणजे उष्णतेच्या देवघेवीचा, वाटा जवळपास शून्य असतो. पण या प्रक्रियेत उष्णताधारकतेतला (एक अंश तापायला लागणाऱ्या उष्णतेतला) बदल फार मोठा असल्याने तापमान वाढले की चित्र पालटते. एन्ट्रॉपीचा वाटा कमी होत जातो, एन्थाल्पीचा वाढत जातो. द्रव हायड्रोकार्बनांच्या मोजमापांवरून बाल्डविन यांनी १९८६ मध्ये दाखवले की एन्ट्रॉपीचा वाटा सुमारे ११३ अंशांना शून्यावर येतो. आणि जिथे एन्ट्रॉपीचा वाटा शून्य, तिथेच मुक्त ऊर्जेचा आलेख आपल्या माथ्यावर असतो. म्हणजे तेलकट पृष्ठभाग झाकल्याने मिळणारी मुक्त ऊर्जा पाणी उकळायला लागेपर्यंत वाढतच असते, आणि त्यानंतरही ती हळूहळूच उतरते.

पण मुक्त ऊर्जा वाढली म्हणून रचना आपोआप घट्ट होत नाही. समतोल स्थिरांक ठरतो तो मुक्त ऊर्जेला तापमानाने भागून, आणि तो भागाकार खोलीच्या तापमानापासूनच हळूहळू घसरू लागतो. साबणासारख्या पदार्थांचे मायसेल (पाण्यात जमणारे रेणूंचे पुंजके) तयार व्हायला लागणारी किमान संहती तापमानाबरोबर आधी किंचित कमी होते, सुमारे २५ अंशांजवळ तळ गाठते आणि मग वाढते, त्याचे कारण हेच. १९८४ मध्ये फेनेल इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी अल्किल-ट्रायमिथाइल-अमोनियम ब्रोमाइडांची ही किमान संहती २५ ते १६० अंशांपर्यंत मोजली. हे काम मला फार मोलाचे वाटते आणि नव्या पिढीने ते वाचायलाच हवे. साध्या लवचीक शेपटीचे रेणूसुद्धा बंद भांड्यातल्या १६० अंशांच्या पाण्यात मायसेल करतात, फक्त त्यासाठी संहती जास्त लागते. पाण्याची ती खास मांडणी त्या तापमानाला बरीच ढासळलेली असते, तरी एकत्र येणे थांबत नाही.

मग घनाचे वेगळेपण कशात? मायसेलमध्ये किती रेणू हे ठरलेले नसते. सोडियम डोडेसिल सल्फेटच्या मायसेलमध्ये सरासरी साठेक रेणू, पण ते सतत आत-बाहेर करत असतात आणि त्यासाठी किमान ८ मिलिमोलर संहती लागते. घनात नेमके सहा रेणू, प्रत्येकाची जागा ठरलेली, आत ठरावीक पोकळी, आणि हे सगळे त्याहून कमी संहतीला. उष्ण पाण्यात ‘काहीतरी’ जुळलेले राहणे तुलनेने सोपे आहे, ठरलेल्या आकाराची रचना ठरलेल्या आकारात राहणे अवघड.

तिथे घट्ट बसण्याचा मुद्दा येतो, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. डिस्पर्शनची, म्हणजे व्हॅन डर वाल्स ओढीतल्या मुख्य भागाची, ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने घटते. दोन अणूंमधले अंतर दहा टक्क्यांनी वाढले तर ती ५६ टक्क्यांवर येते. पाण्यात याला आणखी एक बाजू आहे. रेणू जुळण्याआधी त्याच्या पृष्ठभागाला पाण्याशी डिस्पर्शनचा स्पर्श असतोच, जुळताना तो तुटतो. निव्वळ नफा म्हणजे नवा स्पर्श वजा जुना स्पर्श. पृष्ठभाग सैल बसले तर नवा स्पर्श कमी भरतो आणि नफा जवळजवळ संपतो. ते घट्ट बसले आणि समोर सहज ध्रुवित होणारे अॅरोमॅटिक कार्बन असतील तर मात्र पाण्याच्या तुलनेत भरपूर फायदा होतो, कारण दर घनफळामागे त्यांची ध्रुवणशीलता पाण्यापेक्षा जास्त. शिवाय हा वाटा एन्थाल्पीचा आहे. हायड्रोफोबिक परिणामातला एन्ट्रॉपीचा भाग गरम पाण्यात ओसरतो तेव्हा हा भाग टिकून असतो. उष्ण पाण्यात ज्याला तग धरायचा त्याने एन्थाल्पी कमवावी, आणि दुर्बळ आंतरक्रियांमधून एन्थाल्पी कमवायचा भरवशाचा मार्ग म्हणजे खाचेत नेमके बसणे.

हिराओका यांनी आपल्या या तत्त्वाला जपानी लाकूडकामातल्या खिळ्याविना जोडल्या जाणाऱ्या सांध्याचे नाव दिले आहे, होझो. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत इतकी नेमकी उतरते की सांध्याला खिळा किंवा सरस लागत नाही. त्यांच्या रेणूत हे काम मिथाइल गट आणि वळलेल्या वलयांमधल्या फटी करतात. एका रेणूचा मिथाइल शेजारच्या रेणूच्या फटीत जातो. हे मिथाइल काढून त्या जागी नुसता हायड्रोजन ठेवला की घनाचे स्थैर्य फार मोठ्या प्रमाणात घटते. झाकला जाणारा पृष्ठभाग त्यामानाने थोडाच कमी झालेला असतो, पण आत पोकळ जागा राहतात. याच्या जोडीला धनभारित पिरिडिनियम वलय आणि शेजारच्या रेणूचे इलेक्ट्रॉनसमृद्ध वलय यांच्यातली ओढही (तिला कॅटायन-पाय म्हणतात) आहे, आणि तीही वलये योग्य अंतरावर आणि योग्य कोनात असतील तरच उपयोगी पडते.

ताठरपणाचा मुद्दा याला चिकटूनच आहे. लवचीक रेणू जुळताना आपल्या शेकडो संभाव्य आकारांतला एक निवडतो, म्हणजे एन्ट्रॉपी गमावतो, आणि ही किंमत तापमानाच्या प्रमाणात वाढते. दाटीने बसलेल्या वलयांचा रेणू आधीच योग्य आकारात असतो, त्याला गमावण्यासारखे फार नसते. ताठरपणा किती दूर नेतो हे पाहायचे असेल तर कुकुरबिट-सात-युरिल हा भोपळ्याच्या आकाराचा यजमान रेणू आणि डायमँटेनचा धनभारित पाहुणा रेणू ही जोडी पाहा. २०१४ मध्ये पाण्यात त्यांचा बंधन स्थिरांक ७.२ गुणिले १० चा १७ वा घात इतका नोंदला गेला. बायोटिन आणि अॅव्हिडिनची निसर्गातली प्रसिद्ध जोडी (एक जीवनसत्त्व, एक प्रथिन) १० च्या १५ व्या घाताच्या आसपास आहे. डायमँटेन म्हणजे हिऱ्याच्या जाळीचा छोटा तुकडा, वाकणे त्याला ठाऊकच नाही.

निसर्गाकडे पाहिले तर हेच दिसते. इटलीतल्या व्हल्कानो बेटाच्या किनाऱ्यावरून मिळालेला पायरोकोकस फ्युरिओसस हा सूक्ष्मजीव १०० अंशांना सर्वांत जोमाने वाढतो, फियाला आणि स्टेटर यांनी १९८६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचा भाऊबंद पायरोकोकस होरिकोशी. त्यातले कटए१ नावाचे प्रथिन तीन एककांची जुळणी करून राहते आणि जवळपास १५० अंशांना उलगडते. या प्रथिनांमध्ये वेगळी अमिनो आम्ले नसतात, वेगळा बंधही नसतो. गाभा घट्ट भरलेला, लोंबणारे दुवे आखूड, एककांमधले स्पर्श भरपूर आणि पृष्ठभागावर विरुद्ध भारांच्या जोड्यांचे जाळे.

भारांच्या त्या जाळ्याबद्दल थोडे सांगते, कारण तुमच्या रेणूवरही भार आहेत. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २५ अंशांना ७८ असतो, १०० ला ५६ च्या आसपास आणि १५० ला ४४ च्या आसपास. तापमान वाढल्याने औष्णिक ऊर्जाही वाढते, पण डायइलेक्ट्रिक त्याहून वेगाने घसरतो. दोघांचा गुणाकार घेतला तर १५० अंशांना भारांमधली आंतरक्रिया औष्णिक ऊर्जेच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी प्रबळ झालेली असते. विरुद्ध भार जवळ असतील तर ही चांगली बातमी. पण हिराओकांच्या घनाप्रमाणे तुमच्या रचनेवर सगळे भार एकाच प्रकारचे असतील तर त्यांच्यातले प्रतिकर्षणही तेवढेच वाढते. म्हणून सुरुवातीलाच प्रतिआयन (रेणूचा भार भरून काढणारा सोबतचा आयन) बदलून पाहा आणि थोडे मीठ घालून पाहा. सोडियम सल्फेटसारखे मीठ दुहेरी काम करते, भारांमधले प्रतिकर्षण झाकते आणि हायड्रोफोबिक ओढ वाढवते. जास्त झाले तर रेणूच खाली बसतो, तेव्हा जपून.

एका गोष्टीत मात्र मी फार आग्रही आहे. ‘टिकते’ याचे दोन अर्थ होतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक, रचना समतोलात स्थिर आहे. दोन, ती समतोलात स्थिर असो वा नसो, इतकी हळू तुटते की तुमच्या प्रयोगाच्या वेळात तुटलेली दिसत नाही. पायरोकोकस फ्युरिओससच्याच रुब्रेडॉक्सिन प्रथिनाचे वितळण्याचे तापमान हायड्रोजन-विनिमयावरून २०० अंशांच्या जवळ असल्याचा अंदाज आहे, आणि त्याचे उलगडणेही विलक्षण संथ आहे. डायफेनिलअॅलानिनच्या नळ्यांचे उदाहरण जास्त शिकवणारे आहे. २००३ मध्ये रेचेस आणि गाझित यांनी त्या दाखवल्या. पुढे त्या ऑटोक्लेव्हमधल्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातल्या) १२१ अंशांतून सुखरूप बाहेर येतात असे दिसले आणि ‘उष्णतेला टिकणाऱ्या’ म्हणून त्यांचे नाव झाले. पण साध्या तापमानालाही भरपूर पाण्यात टाकल्या तर त्या विरघळतात, कारण सुट्या रेणूची विद्राव्यता भरून निघेपर्यंत विरघळणे चालूच राहते. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. नळी गरम पाण्यातून बाहेर आल्यावर जशीच्या तशी दिसली यावरून ती त्या पाण्यात समतोलात होती असे ठरत नाही.

हे तपासायचे कसे? तापवताना आणि थंड करताना मोजा आणि दोन्ही आलेख एकमेकांवर पडतात का ते पाहा. तापवण्याचा वेग निम्मा करून परत मोजा. तयार द्रावण पातळ करून तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी मोजा. सर्वांत चांगली कसोटी अदलाबदलीची: किंचित वेगळ्या दोन रेणूंचे घन स्वतंत्रपणे बनवा, मग द्रावणे मिसळा आणि मिश्र घन किती वेळात दिसतात ते पाहा. त्यावरून रेणू आत-बाहेर करायला किती वेळ घेतात ते थेट कळते.

आता तुमच्या ६० अंशांकडे. रेषा बदलल्या म्हणजे रचना सुटली असे लगेच मानू नका. तीन वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसू शकतात. पहिली, रेणूच रासायनिकदृष्ट्या तुटतो. एस्टर असेल तर हा संशय आधी घ्या. थंड केल्यावर मूळ वर्णपट परत आला नाही तर बहुधा हेच. दुसरी, रचना सुटत नाही, उलट एकमेकांना चिकटून मोठे गोळे होतात. तुमच्या रेणूवर एथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या असतील तर त्या तापल्यावर पाणी सोडतात आणि द्रावण दुधाळ होते. ट्रायटन एक्स-१०० हा नेहमीचा डिटर्जंट सुमारे ६५ अंशांना असाच गढूळ होतो. नळी डोळ्यांनी पाहा, प्रकाश-विकिरण मोजा. तिसरी शक्यता तुम्हाला वाटते तीच, खरे विघटन. त्यात सुट्या रेणूच्या रेषा वाढतात आणि द्रावण पातळ केले की तेच चित्र कमी तापमानाला दिसते.

मोजताना तापमानामुळे जे इतर बदल होतात त्यांनी फसू नका. पाण्याची रेषा दर अंशाला सुमारे ०.०१ पीपीएम सरकते, म्हणून संदर्भ पाण्याचा धरू नका, डीएसएससारखा (द्रावणातच घातलेला मानक पदार्थ) अंतर्गत संदर्भ घ्या, फक्त तो तुमच्या रचनेत शिरत नाही ना ते आधी पाहा. यंत्राच्या पडद्यावरचे तापमान आणि नळीतले तापमान वेगळे असते, एथिलीन ग्लायकॉलच्या नळीने ते जुळवून घ्या. विसरण-गुणांकावरून (कण द्रवात किती वेगाने पसरतो त्यावरून) आकार काढणार असाल तर लक्षात ठेवा की पाण्याची विष्यंदिता २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते आणि १५० ला ०.१८. म्हणजे आकार तसाच असलेला कण १५० अंशांना सातपट वेगाने पसरतो. हे विचारात घेतले नाही तर अखंड घन तुटल्यासारखा दिसेल. शिवाय गरम नळीत द्रव स्वतःच अभिसरणाने फिरू लागतो, त्यासाठी अभिसरण-भरपाईची स्पंदमालिका वापरा. बफर (पीएच स्थिर ठेवणारा पदार्थ) म्हणून ट्रिस नको. त्याचा पीकेए दर अंशाला ०.०२८ ने घसरतो, ८ पीएचचे द्रावण १०० अंशांना ६ च्या जवळ येते. फॉस्फेट यात कितीतरी स्थिर.

१०० अंशांच्या वर जायचे असेल तर सुरक्षिततेबाबत हयगय करू नका. १५० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब पावणेपाच बारच्या आसपास असतो आणि द्रव सुमारे नऊ टक्के फुगतो. जाड भिंतीची, त्या दाबासाठीच बनवलेली नळी घ्या, वर रिकामी जागा सोडा, आणि चुंबकात घालण्याआधी संरक्षक काचेआड ओव्हनमध्ये इच्छित तापमानापेक्षा थोडे वर नेऊन तपासा. यंत्राची आणि प्रोबची मर्यादा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना विचारल्याशिवाय काहीही करू नका.

आणि रेणूत काय बदलावे? तेलकट शेपटी लांब करण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याने ओढ वाढते, पण ठरलेल्या आकाराची रचना जाते आणि पदार्थ खाली बसतो. हायड्रोजन बंधांचे गट उघड्यावर लावून उष्ण पाण्यात फारसे हाती लागत नाही, कारण पाणी त्यांच्याशी स्पर्धा करते. ते वापरायचेच असतील तर तेलकट गाभ्यात, पाण्यापासून झाकून. मी सुरुवात रचनेच्या आतल्या फटींपासून करेन. स्फटिकाची रचना किंवा निदान संगणकीय प्रतिरूप घ्या, दोन रेणूंच्या मधल्या स्पर्शपृष्ठावर कुठे रिकामी जागा राहते ते शोधा आणि तिथे बसेल असा सर्वांत लहान गट लावा: मिथाइल, क्लोरीन, ब्रोमीन. ब्रोमीनची ध्रुवणशीलता जास्त आहे, पण तो मोठा आहे. जागा नसेल तर रेणूला ढकलून दूर करेल आणि आधी होते तेही जाईल. म्हणून तिन्ही करून पाहा आणि विघटन-तापमान एकाच संहतीला मोजा. दुसरे, मधले जे दुवे एकेरी बंधांचे आणि फिरणारे आहेत ते आखूड करा किंवा वलयात बांधा.

तिसरा मार्ग रेणूला हात न लावता करता येतो, आत पाहुणा रेणू बसवणे. पोकळीत भरपूर पाणी अस्वस्थ स्थितीत बसलेले असते. योग्य आकाराचा तेलकट पाहुणा ते बाहेर काढतो आणि आतून भिंतींना स्पर्श देतो. प्रथिनांमध्ये याचा परिणाम किती होतो याचा ठोस आकडा आहे: स्ट्रेप्टॅव्हिडिन एकटे ७५ अंशांना उलगडते, बायोटिनने भरले की ११२ ला. हिराओकांचा घनही पाहुण्याच्या मापाप्रमाणे किंचित फुगतो आणि आकसतो, म्हणजे वेगवेगळ्या मापांचे पाहुणे तो स्वीकारतो.

पुढच्या आठवड्यात एवढेच करा: तुमच्याकडे आधीच असलेले द्रावण घेऊन तीन संहतींना, १, ०.३ आणि ०.१ मिलिमोलर, २५ ते ८० अंशांपर्यंत वर जाताना आणि खाली येताना एनएमआर मोजा, मग त्यातल्या एका नळीत पाहुणा म्हणून अॅडमँटेनचा एखादा विद्राव्य अनुजात घालून तेच परत मोजा. तीनही संहतींचे वक्र एकाच समतोल स्थिरांकात बसतात का ते पाहा. बसले तर त्यातून एन्थाल्पी आणि उष्णताधारकतेतला बदल दोन्ही निघतील, आणि कमतरता घट्ट बसण्यात आहे की झाकल्या जाणाऱ्या पृष्ठभागात, हे संश्लेषणाच्या टेबलाशी उभे राहण्याआधीच कळेल.